चौकात रस्ते चारच हवेत का?

प्रश्न असा आला आहे: 'आमच्या गल्लीच्या तोंडाशी तीनच रस्ते मिळतात, तरी तिथे "चौक" अशी पाटी लागली आहे. चौक म्हणजे चार. मग हे चूक नाही का?'

चूक नाही. संस्कृत चतुष्क, प्राकृत चउक्क आणि त्यावरून आपला चौक. चतुष्क म्हणजे चारांचा मेळ. तो चार रस्त्यांचा असेल, तसा चार बाजूंचाही. जुन्या वाड्याचा चौक आठवून पाहा. चारी बाजूंना सोपे, मधे उघडं आकाश, आणि रस्ता एकही नाही. मराठीने या शब्दात मोजणीपेक्षा मोकळी जागा जास्त जपली आहे. मुंबईत महालक्ष्मीजवळचा सात रस्ता घ्या. इंग्रजी अमदानीत ते जेकब सर्कल झालं, आज तो संत गाडगे महाराज चौक आहे आणि मोनोरेलच्या स्थानकालाही तेच नाव आहे. सातांना चौक चालतो, तर तिघांनी काय पाप केलं?

रस्ते मोजणारे शब्द आपल्याकडे वेगळे आहेत आणि ते फार सुंदर आहेत. कोकणात तिठा. मुंबई-गोवा महामार्गावरून रत्नागिरीकडे रस्ता फुटतो, तो हातखंब्याचा तिठा. कोल्हापुरात तिकटी, तिथल्या मिरजकर तिकटीला चौक म्हणून पत्ता विचारलात, तर सांगणारा आधी नाव दुरुस्त करील. यांतला 'ति' तिपाईतला, तिपेडी वेणीतला. चव्हाट्यातला 'चौ' मात्र आता कुणाला ऐकू येत नाही, कारण हा शब्द रस्त्यावरून उठून भांडणांत जाऊन बसला. घरातली गोष्ट चव्हाट्यावर येते, पण चव्हाट्यावर भेटू असं कुणी म्हणत नाही.

नाका मात्र काहीच मोजत नाही. तो जकात घेण्याची, येणारा-जाणारा अडवून तपासण्याची जागा, म्हणून नाकेबंदी. असे नाके बहुधा गावाच्या वेशीवर असत आणि पुष्कळदा रस्ता जिकडे निघाला तिकडचं नाव घेत, जसा नाशिकचा मुंबई नाका. पुढे शहर वाढलं आणि वेस पोटात गेली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईतली जकातही संपली, तरी सकाळी कामाच्या आशेने उभे राहणारे मजूर अजून नाका कामगारच आहेत.

तेव्हा तुमच्या पाटीवरचा चौक व्याकरणाने निर्दोष आहे. माझी तक्रार वेगळीच आहे. जिथे लोक पिढ्यान्‌पिढ्या तिठा किंवा तिकटी म्हणत आले, तिथेही नवी पाटी 'चौक' म्हणूनच लागते. तुमच्या त्या जागेला शेजारचे वयस्कर लोक काय म्हणत होते, ते एकदा विचारून बघा आणि मलाही कळवा.