यीस्ट टाकण्यापूर्वीचे रीडिंग १.०३८ का आले?

मेलबर्नला घरी केलेल्या पहिल्याच बियरबद्दल तुम्ही विचारले आहे. तीन किलो सुका माल्ट अर्क आठ लिटर पाण्यात उकळून, वरून नळाचे पाणी घालून तुम्ही एकूण २१ लिटर वर्ट (यीस्ट टाकण्यापूर्वीचे गोड द्रावण) केला. पाककृतीत १.०५२ लिहिलेले असताना ३२ अंश सेल्सिअसला हायड्रोमीटरने (द्रवात तरंगून पाण्याच्या तुलनेत त्याची घनता दाखवणाऱ्या काचेच्या नळीने) १.०३८ दाखवले, आणि दोन आठवड्यांनी २२ अंशांना १.०१२. बियर पाणचट झाली असेल तर आता साखर घालावी का, असा तुमचा प्रश्न आहे. कृपया साखर घालू नका. माझ्या मते तुमची बियर जवळपास ठरल्याप्रमाणेच झाली आहे.

आधी तापमानाचा हिशेब करू. तुमच्या हायड्रोमीटरवर, बहुधा मोजपट्टीच्या कागदावरच, तो कोणत्या तापमानासाठी आखला आहे ते बारीक अक्षरांत लिहिलेले असेल. आजकाल बहुतेक ठिकाणी २० अंश असते, जुन्या किंवा अमेरिकी नळ्यांवर १५.६ म्हणजे ६० फॅरनहाइट आढळते. द्रव गरम झाला की विरळ होतो, नळी जास्त बुडते आणि आकडा कमी दिसतो. २० अंशांची नळी असेल तर २५ अंशांना सुमारे ०.००१, ३० अंशांना ०.००२५ आणि ३५ अंशांना ०.००४ मिळवावे लागतात. म्हणजे तुमचे १.०३८ हे खरे तर १.०४१ होते. १.०५२ पर्यंत उरलेल्या अकरा अंकांचा (०.०११) दोष तापमानावर टाकता येत नाही.

ते अकरा अंक वरून घातलेल्या पाण्यात आहेत. दाट वर्ट जड असतो, नळाचे पाणी हलके. दोन-चार वेळा पळी फिरवून ते एकजीव होत नाहीत, आणि नमुना वरच्या थरातून घेतला की आकडा हमखास कमी येतो. तळाच्या तोटीतून घेतला असता तर कदाचित १.०६० दिसून तुम्ही उलट काळजीत पडला असता. अर्क वापरून केलेल्या बियरमध्ये म्हणूनच मी या पहिल्या रीडिंगपेक्षा वजनावर अधिक विश्वास ठेवतो. एक किलो सुका अर्क एकूण दहा लिटरांत सुमारे १.०३७ देतो, त्या प्रमाणात तीन किलो २१ लिटरांत १.०५२ देणारच, कारण साखर कुठे जात नाही. अख्ख्या धान्यापासून वर्ट काढणाऱ्यांना मात्र ही सोय नाही, कारण धान्यातून किती साखर उतरली हे मोजल्याशिवाय कळत नाही.

शेवटच्या रीडिंगमध्ये वेगळी गोम असते. किण्वनात तयार झालेल्या कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे नळीला चिकटतात, तिला वर उचलतात आणि आकडा जास्त दाखवतात. डेअरीत लॅक्टोमीटर लावताना दुधातील हवा निघून जाऊ देतात, त्यामागे हेच कारण आहे आणि उपकरणही त्याच जातीचे आहे. नमुना दोन पेल्यांत आठ-दहा वेळा खालीवर करून फेस बसू द्यावा, नळी सोडताना चिमटीत हलकी गिरकी द्यावी, ती भांड्याच्या कडेला टेकत नाही ना हे पाहावे आणि डोळा द्रवाच्या पातळीवर आणून वाचावे. काचेलगत द्रव जो वर चढतो तो धरायचा नाही, सपाट पातळी धरायची. काही नळ्या वरच्या कडेवर वाचायच्या असतात, तसे त्यांच्यासोबतच्या कागदावर छापलेले असते.

नळीचीही परीक्षा एकदा घ्या. माझी पहिली नळी २० अंशांच्या डिस्टिल्ड पाण्यात १.००० ऐवजी १.००४ दाखवत होती, कारण आतला कागद सरकला होता. हे न तपासता मी वर्षभर प्रत्येक बियर १.०१६ वर अडकली असे समजून यीस्ट बदलत राहिलो. गंमत अशी, की त्या काळात मी काढलेले मद्यार्काचे प्रमाण बरोबरच होते, कारण दोन्ही रीडिंगमध्ये सारखीच चूक असली की वजाबाकीत ती निघून जाते. पण मोजपट्टीचे अंतरच चुकीचे आखलेले असेल तर असे होत नाही. त्यासाठी १० ग्रॅम साखरेला ९० ग्रॅम पाणी या प्रमाणात, नळी तरंगेल इतके द्रावण करा. २० अंशांना १.०४० यायला हवे.

आता तुमचे गणित : १.०५२ उणे १.०१२, गुणिले १३१.२५, म्हणजे सुमारे सव्वापाच टक्के मद्यार्क. १.०३८ धरले असते तर साडेतीनच्याही खाली दिसले असते. बुडबुडे काढून आज एकदा आणि तीन दिवसांनी पुन्हा मोजा. दोन्ही आकडे सारखे असतील तर बाटल्या भरा. उतरत असतील तर थांबा, नाहीतर उरलेली साखर बाटलीत आंबून काच फुटू शकते. मोजलेला नमुना पिंपात परत ओतू नका, चाखून पाहा.