शेअर्ड डेस्क करण्याआधी नेटवर्कवाल्यांकडून लेखी उत्तर घ्या

ठरलेल्या जागा काढून शेअर्ड डेस्क, म्हणजे रोज बुक करून मिळेल त्या टेबलावर बसायची पद्धत, आणणार असल्याची तुमची पोस्ट वाचली आणि आमचं हिंजवडीचं ऑफिस डोळ्यांसमोर आलं. तुमच्याकडे २०० माणसं, १२० टेबलं, आठवड्यातून तीन दिवस हजेरी, आणि वरून आदेश की एका शनिवार-रविवारात उरकून टाका. बुकिंगचं अ‍ॅप कुठलं घ्यावं एवढंच तुम्ही विचारलंय. माझ्या मते कुठलंही घ्या, त्यानं फारसं काही अडत नाही. त्याआधी कुठल्याही टेबलाच्या नेटवर्क पोर्टवर, म्हणजे केबल लावायच्या खाचेवर, कंपनीतल्या कुणाचाही लॅपटॉप चालेल का, याचं उत्तर नेटवर्कवाल्यांकडून लेखी घ्या. तोंडी "हो, होईल" चालवून घेऊ नका.

मी अ‍ॅडमिनची, त्यामुळे तांत्रिक भाग तुमच्या माणसाकडून तपासून घ्या. आमच्याकडे सुरक्षेसाठी प्रत्येक पोर्ट एकेका यंत्राच्या ओळख क्रमांकाशी, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसशी बांधलेला होता. दुसरं यंत्र जोडलं की पोर्ट बंद. जागा ठरलेल्या होत्या तोवर हे कुणाला जाणवलंच नाही. शेअर्ड डेस्क सुरू झाले त्या सोमवारी मजल्यावर जिकडेतिकडे लोक लॅपटॉप उघडून नुसते बसलेले. पोर्ट उघडायचा तर मुख्यालयातल्या नेटवर्क विभागाकडे तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, टाकायचं, त्यावर मॅनेजरची मंजुरी, आणि दुपारनंतर कधीतरी तो उघडणार. दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर वेगळं माणूस आलं की पुन्हा तिकीट.

याला उपाय होता आणि तो नवाही नव्हता. ८०२.१एक्स नावाच्या नेटवर्क-प्रवेशाच्या पद्धतीत पोर्टला यंत्र बांधून ठेवत नाहीत, लॅपटॉपमध्ये कंपनीनं घातलेलं डिजिटल प्रमाणपत्र तपासतात. यंत्र कंपनीचं असलं की माणूस कुठेही बसो. पण मुख्यालयातल्या त्या विभागानं महिनोन्‌महिने "ऑडिटला चालणार नाही" एवढंच सांगितलं. कुठल्या ऑडिटला, कुठल्या नियमाखाली, हे विचारलं की मेलला उत्तर नाही. तिकिटं ठरलेल्या वेळेत बंद होत होती, त्यामुळे त्यांच्या अहवालात अडचण दिसायचीच नाही. वाय-फाय वापरा म्हणाले, तर सगळ्यांचे कॉल एकदम सुरू झाले की ते बसायचं. बोलणी मात्र आम्ही खाल्ली. अजून आठवलं तरी संताप होतो.

मग ज्या टेबलावर एकदा पोर्ट चालला ते लोकांनी सोडलंच नाही. एसटीत रुमाल टाकावा तशा सकाळी सकाळी बॅगा पडायला लागल्या. लांबून येणाऱ्यांना, पोरांना शाळेत सोडून येणाऱ्यांना रोज पॅन्ट्रीजवळची उरलेली टेबलं. लोकांना बदल नको असतो असं तेव्हा मीटिंगमध्ये बोललं गेलं. मला ते मुळीच पटत नाही. काम अडत असेल तर माणूस चालणारी जागा धरून ठेवणारच. १९९०च्या दशकात लॉस एंजेलिसमधल्या शायट/डे या जाहिरात कंपनीनं ठरलेल्या जागा काढून टाकल्या होत्या. सकाळी काउंटरवरून लॅपटॉप आणि फोन घ्यायचा आणि कुठेही बसायचं. लॅपटॉप-फोन पुरेनात, लोक ते लपवून ठेवायला लागले, आणि काही वर्षांत तो प्रयोग गुंडाळावा लागला.

डॉकिंग स्टेशन (लॅपटॉपला एकाच वायरीनं मॉनिटर, कीबोर्ड, नेटवर्क जोडणारा डबा) लावणार असाल तर आणखी एक. केबल डॉकला असते तेव्हा स्विचला, म्हणजे सगळ्या पोर्टच्या केबली जिथे जातात त्या यंत्राला, बऱ्याचदा डॉकचा मॅक अ‍ॅड्रेस दिसतो, लॅपटॉपचा नाही. बऱ्याच ऑफिस-लॅपटॉपांच्या बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) मॅक पास-थ्रूची, म्हणजे डॉकऐवजी लॅपटॉपचाच क्रमांक पुढे पाठवायची, सोय असते, पण ती डॉक आणि लॅपटॉपची जोडी जुळली तरच चालते. म्हणून खरेदीआधी तुमच्याकडचे जुने-नवे सगळे लॅपटॉप एकेका डॉकला लावून बघा.

तुमचा १२०चा आकडाही मला खटकतो. २०० माणसं, पाचातले तीन दिवस, म्हणजे रोजची सरासरी बरोबर १२०. माणसं पाचही दिवस सारखी वाटली गेली तरच हे जमेल. सोमवार-शुक्रवार घरून काम करायला कुणाला नको असतं? बुधवारी काय होईल याचा हिशेब करा. सरासरी बाजूला ठेवून स्वाइप कार्डच्या नोंदींतून सगळ्यात गर्दीचा दिवस काढा, आणि टीमचे वार वाटून द्यायची मॅनेजमेंटची तयारी नसेल तर टेबलं कमी करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्याकडे शिफ्ट असतील तर गणित वेगळं होईल.

लॉकर माणशी एक, आणि त्यात हेल्मेट मावलं पाहिजे. हेडसेट सामाईक ठेवूच नका. खंडेनवमीला आमच्याकडे जो तो आपल्या मॉनिटरला हार घालायचा; आता टेबल कुणा एकाचं नसणार, म्हणून मजल्याची एकच पूजा ठेवा आणि हे आधी सांगा.

पाठीचं दुखणं असलेले, गरोदर बायका, व्हीलचेअर किंवा स्क्रीन रीडर वापरणारे सहकारी यांची टेबलं कायमची ठेवा. दिव्यांगांसाठीच्या २०१६च्या कायद्यानं प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करावं लागतं, एचआरला त्याची आठवण करून द्या. ही टेबलं अ‍ॅपमध्ये दिसताच कामा नयेत, नाहीतर ती रिकामी दिसली की कुणीतरी बुक करतं आणि ज्याचं ते टेबल त्यालाच रोज सकाळी दुसऱ्याला उठायला सांगावं लागतं.