एजंट म्हणतो, 'आधी व्हिजिट व्हिसावर जा, वर्क परमिट तिथे निघेल.' भावाला दुबईला पाठवावे का?

तुम्ही लिहिले आहे की धाकटा भाऊ आयटीआय झालेला वेल्डर आहे, साताऱ्यातील एक ओळखीचे गृहस्थ त्याला दुबईत काम मिळवून देणार आहेत, त्यासाठी दीड लाख रुपये रोख मागत आहेत आणि वर्क परमिट तिथे पोहोचल्यावर निघेल असे सांगत आहेत. हे कायदेशीर आहे का आणि खरा खर्च किती येतो, असा तुमचा प्रश्न आहे. पाठवू नका, हे माझे उत्तर. गृहस्थ घरोब्यातले आहेत म्हणून काळजी वाटत नाही, असे तुम्ही शेवटी लिहिले आहे, आणि त्याच वाक्यामुळे मी हे सविस्तर लिहितो आहे.

मी मूळचा विट्याजवळचा. आयटीआय करून अबुधाबीतील रुवैसच्या रिफायनरीत एका कंत्राटदाराकडे पाइप फॅब्रिकेशनचे काम केले आणि परत येऊन कुपवाड एमआयडीसीत स्वतःचा कारखाना टाकला. मी गेलो तेव्हा ई-मायग्रेट हे परदेशी नोकरीच्या परवानगीचे सरकारी पोर्टल नव्हते. दहावी न झालेल्या माणसाला मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या, म्हणजे परदेशी कामाला जाण्याची परवानगी देणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या कार्यालयातून पासपोर्टवर शिक्का घ्यावा लागे, आणि तो शिक्का मिळेपर्यंत मी गावात थांबलो. आमचे चुलते, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो, तेव्हा चारचौघांत म्हणाले होते की याच्याबरोबरची पोरे पगार घरी पाठवायला लागली आणि हा अजून शिक्क्याची वाट पाहतो आहे. त्या शिक्क्याचा मला आजही अभिमान आहे.

तात्यांचे आयुष्य गलाईच्या धंद्यात गेले. खानापूर-आटपाडी भागातील माणसांना हे सांगायला नको, पण इतरांसाठी लिहितो: सोने-चांदी गाळण्याच्या या व्यवसायाने आमच्या दुष्काळी भागातील घरेच्या घरे देशभरातील शहरांत नेऊन बसवली, आणि ती सगळी नात्याच्या आणि शब्दाच्या जोरावर गेली. मामाने भाच्याला बोलावले, भाच्याने मेहुण्याला बोलावले. करारपत्र कोणी केले नाही. त्यामुळे परदेशी जायचे असले तरी आपला माणूस मध्ये असला की कागद तपासायचे नसतात, तो त्याचा अपमान होतो, असे तात्यांचे ठाम मत आहे.

त्यांचा नातू, म्हणजे माझा पुतण्या, 2023 मध्ये शारजाला गेला. वेल्डरच्या आयटीआय प्रवेशाला आठवी उत्तीर्ण पुरते, तोही तसाच दहावीशिवाय आयटीआय झालेला, आणि म्हणून त्याचा पासपोर्ट ईसीआर, म्हणजे 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' प्रकारचा होता. संयुक्त अरब अमिरातींसह अठरा देशांत असा पासपोर्टधारक नोकरीसाठी जाणार असेल तर त्याला एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे परदेशी कामाला जाण्याची सरकारी परवानगी घ्यावी लागते, आणि ती देताना नोकरी देणाऱ्याचे नाव, पगार व करार तपासला जातो. व्हिजिट व्हिसावर जाणाऱ्याला मात्र हा क्लिअरन्स लागत नाही. एजंट 'आधी व्हिजिट व्हिसा' का म्हणतो, याचे उत्तर एवढेच आहे: तपासणी टळते. तात्यांच्या परिचयातील गृहस्थाने पुतण्याला विमानतळावर काय बोलायचे तेही पढवून ठेवले होते. नातेवाइकांना भेटायला चाललो आहे, असे इमिग्रेशनच्या खिडकीवर सांगायचे आणि परतीचे तिकीट दाखवायचे. द्राक्षबागेवर आधीच सोसायटीचे कर्ज होते. त्यावर पतसंस्थेचे आणखी कर्ज काढून पैसे रोख दिले गेले. पावती मागा, असे मी त्या घरात बसून सांगितले, तेव्हा तात्या मला म्हणाले, "तू आमच्या माणसाला चोर ठरवतोस काय?"

शारजात एका वर्कशॉपमध्ये त्याला काम मिळाले, हे खरे आहे. मालक पुढच्या महिन्यात परमिट काढतो म्हणत राहिला आणि व्हिसाची मुदत संपली. मुदतीनंतर राहिल्यास तिकडे दिवसाला 50 दिरहम दंड चढतो. तो चढू लागला तसा मालकाचा सूर बदलला. पगार निम्मा झाला, पासपोर्ट त्याने स्वतःकडे ठेवून घेतला, आणि तक्रार करायची तर पोराकडे करार नव्हता, परमिट नव्हते, बँकेतून आलेला पगार नव्हता. त्या देशात खासगी कंपन्यांतील पगार वेज प्रोटेक्शन सिस्टीममधून, म्हणजे नोंद होईल अशा मार्गाने द्यावा लागतो. याला मात्र हातात नोटा मिळत होत्या. ऑगस्ट 2024 मध्ये तिथल्या सरकारने विनापरमिट कामगार ठेवणाऱ्या मालकाचा दंड वाढवून एक लाख ते दहा लाख दिरहम केला. तेव्हा मालकाने अशा सगळ्या पोरांना एका दिवसात बाहेर काढले.

रात्री त्याचा फोन आला तो तात्यांना नाही, मला आला. रुवैसच्या काळातील माझे सोबती अजून तिकडे आहेत, त्यांनी त्याला खोलीत घेतले. सुदैवाने 1 सप्टेंबर 2024 पासून अमिरातींनी मुदत उलटून राहिलेल्यांसाठी माफी योजना जाहीर केली, जी पुढे 31 डिसेंबरपर्यंत वाढवली गेली. तिच्यात साचलेला दंड माफ होत होता आणि पुन्हा येण्यावर बंदीही लागत नव्हती. पासपोर्ट हाती नसल्यामुळे दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासातून आपत्कालीन प्रमाणपत्र काढले आणि पोरगा घरी आला. माफी योजना नसती तर तो दंड भरण्याची ऐपत आमच्यापैकी कोणाचीही नव्हती.

यानंतरचा भाग तुम्ही नीट वाचावा, कारण तो एजंट लोक कधी सांगत नाहीत. आम्ही पोलिसांत तक्रार द्यायला गेलो तेव्हा त्या गृहस्थाने शांतपणे सांगितले की मी फक्त पर्यटनाचा व्हिसा आणि तिकीट काढून दिले, मुलगा स्वतःच इमिग्रेशनला नातेवाइकांकडे जातो असे सांगून गेला आहे. आमच्याकडे पावती नव्हती आणि व्हिसावर 'व्हिजिट' हेच लिहिलेले होते. व्हिजिट व्हिसाचा खरा उपयोग हा असतो. त्याने कामगार तर कायद्याबाहेर पडतोच, शिवाय त्याला पाठवणारा आणि तिकडे राबवून घेणारा, दोघेही नामानिराळे राहतात.

तात्यांचे म्हणणे अजूनही असे आहे की माणूस वाईट नव्हता, तिकडचा मालक वाईट निघाला, आणि गलाईतही असे होतेच. गलाईत मालक वाईट निघाला तर आमचे पोर रेल्वेत बसून विट्याला परत येत असे. त्याला त्या शहरात राहण्याचा अधिकार मालकाने दिलेला नव्हता, म्हणून मालकाला तो काढून घेताही येत नव्हता. आखाती देशांत राहण्याचा परवानाच नोकरीला बांधलेला असतो. परवान्यावर ज्याचे नाव त्याच्याकडेच काम, आणि परवानाच नसेल तर ज्या दिवशी व्हिसा संपतो त्या दिवसापासून माणूस तिथे बेकायदा राहणारा ठरतो. तिथे आपल्या माणसाचा शब्द कोणत्याही खिडकीवर चालत नाही. कागद मागण्यात कोणाचा अपमान नाही. ज्याला तो अपमान वाटतो त्याच्या हाती आपले पोर द्यायचे नाही, एवढे कठोर झालेच पाहिजे.

आता खर्चाबद्दल. 1983 च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी झालेल्या रिक्रूटिंग एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, म्हणजे एकूण 35,400 रुपये घेता येतात, तेही पावती देऊन. ईसीआर पासपोर्ट असल्यास प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे; दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये आहे आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाखांचे संरक्षण मिळते. अमिरातींच्या 2021 च्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो, तो कामगाराकडून सरळ किंवा आडमार्गाने वसूल करता येत नाही. मग दीड लाख कशाचे, हा प्रश्न तुम्ही त्या गृहस्थांना विचारा. ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, तिच्यात त्यांचे नाव शोधा. 'मी मुंबईच्या ऑफिससाठी काम करतो' असे ते म्हणतील. पण उपएजंट नावाची व्यवस्था हा कायदा मानत नाही, त्यामुळे पैसे आणि पासपोर्ट थेट नोंदणीकृत कार्यालयातच द्यायचे. भावाने सही करण्याआधी तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या नमुन्यातील ऑफर लेटर यायला हवे. ते अरबी, इंग्रजी आणि कामगाराला समजेल अशा तिसऱ्या भाषेत मिळते, हिंदीतही मिळते. त्यानंतर नोकरीसाठीचा एंट्री परमिट इकडेच हातात येतो. वैद्यकीय तपासणी, एमिरेट्स आयडी आणि निवास परवाना एवढेच तिकडे गेल्यावर होते.

हेही सांगायला हवे की व्हिजिट व्हिसावर देशात असताना त्याचे रूपांतर नोकरीच्या परवान्यात करण्याची सोय अमिरातींच्या नियमांत आहे, त्यामुळे एजंट धादांत खोटे बोलतो असे नाही, आणि तसे परमिट रीतसर मिळालेले लोकही मी पाहिले आहेत. परंतु परमिट हाती येण्याआधी काम करणे बेकायदाच आहे, आणि ते काढायचे की नाही हे सर्वस्वी मालकाच्या मर्जीवर राहते. पदवीधरांसाठी नोकरी शोधण्याचा वेगळा व्हिसाही आहे, पण तो तुमच्या भावाच्या कामाचा नाही. भाऊ दहावी उत्तीर्ण असेल तर त्याला क्लिअरन्स लागणार नाही. एजंटाला नोंदणी मात्र तरीही लागते.

पासपोर्ट त्या गृहस्थांकडे आधीच दिला असेल तर तो आजच जाऊन परत आणा. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे आणि तो अडवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही एजंटाला नाही. त्यांनी टाळाटाळ केली तर साताऱ्यात पोलिसांकडे लेखी तक्रार द्या, तिची प्रत मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कार्यालयाला पाठवा, आणि ते घरोब्यातले आहेत म्हणून यातले काहीही तोंडी करू नका.