भूशास्त्राला प्रवेश घेतलास? आधी एवढं कर

अभिनंदन! 'दगडं फोडायला चालला' हे घरी ऐकावं लागेल, मीही ऐकलंय. मनावर घेऊ नकोस.

पहिल्या वर्षी एवढंच सांभाळ:

१. नमुने हाताळ. नुसती नावं घोकून खनिज ओळखता येत नाही. बेसाल्टच्या (लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या खडकाच्या) पोकळीत पांढरा स्फटिक दिसला की सगळे 'क्वार्ट्झ' म्हणून मोकळे होतात. चाकूनं ओरखडून बघ. कॅल्साइटची कठीणता (१ ते १० च्या मोज मापावर) ३, सहज ओरखडा उठतो. क्वार्ट्झची ७, तिथं चाकू हरतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकलास तर कॅल्साइट फसफसतं.

२. फील्डची वही जागेवरच लिही. पहिल्या सहलीत मी पिशवीभर दगड आणले, एकावरही नंबर नाही! वसतिगृहात ते दाराला अडणी म्हणून कामी आले.

३. आपल्याकडे जिकडेतिकडे बेसाल्ट, त्यामुळे नजर एकसुरी होते. नागपूर-भंडाऱ्याकडचे जुने रूपांतरित (उष्णता-दाबानं बदललेले) खडक पाहायची संधी सोडू नकोस.

नोकरी म्हणजे तेल कंपनीच, हा गैरसमज काढून टाक. भूजल, खाणी, बोगदे, धरणं, सगळीकडे आपली माणसं लागतात. मात्र बीएस्सीवर थांबू नकोस. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूवैज्ञानिक व्हायचं तर यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा असते, तिला एमएस्सी लागते.

जीआयएस (संगणकावरचे नकाशे), रिमोट सेन्सिंगचे (उपग्रहाच्या चित्रांवरून अभ्यासाचे) कोर्स सध्या राहू देत. आधी दहापट मोठं दाखवणारं भिंग घे, आणि दोरी लावून गळ्यात अडकव. खिशातलं हरवतंच.