मुलाच्या डोक्यात ठेवलेल्या चकत्या कोण काढणार?

साताऱ्याच्या एक आई माझ्याकडे आल्या, तेव्हा अमेरिकेत असलेल्या त्यांच्या मुलाच्या मेंदूतील ग्लायोब्लास्टोमा या वेगाने वाढणाऱ्या कर्करोगाच्या गाठीच्या शस्त्रक्रियेला पाच आठवडे झाले होते. "ताई, गाठ काढली आणि त्या जागी विषाच्या आठ चकत्या ठेवून डोकं शिवलं. आता त्या काढायला पुन्हा डोकं उघडणार का?" या विचाराने त्यांची झोप उडाली होती.

मी म्हटले, "काकू, त्या काढाव्या लागत नाहीत." ग्लियाडेल नावाची ही चकती जेमतेम साडेचौदा मिलिमीटर रुंद आणि एक मिलिमीटर जाड, म्हणजे कपाळावरच्या मोठ्या टिकलीएवढी असते आणि तिच्यात ७.७ मिलिग्रॅम कार्मस्टिन हे कर्करोगाच्या पेशी मारणारे औषध असते. वापरता वापरता साबणाची वडी जशी वरून झिजत पातळ होते, तसे तिचे पॉलिमर ओलाव्याने झिजते आणि औषध मुख्यतः पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आजूबाजूच्या पेशींत उतरते. शिरेतून दिलेले कार्मस्टिन अस्थिमज्जेला व फुप्फुसांना त्रास देऊ शकते. गाठीच्या जागीच ठेवलेले औषध उरलेल्या शरीरात फारच थोडे जाते.

त्यांनी पिशवीतून एमआरआयच्या अहवालाची घडी काढली. त्यात "चकत्यांचे अवशेष" या शब्दांखाली पेनाने दोनदा रेघ ओढलेली होती. असे अवशेष काही महिने दिसू शकतात, ते दिसले म्हणजे गाठ उरली असे नव्हे, हे मी सांगितले. मात्र ताप, झटके, वाढती डोकेदुखी किंवा जखमेतून पाण्यासारखा स्राव यांपैकी काहीही झाले, तर त्याच दिवशी शल्यचिकित्सकांना कळवायला हवे, हेही त्यांना लिहून दिले.

मग त्यांनी हळूच विचारले, "चकत्या विरघळल्या की आजार गेला ना?" खरी भीती इथे होती. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २४० रुग्णांच्या चाचणीत जगण्याचा मध्यक कालावधी (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) या चकत्यांसह १३.९ महिने, तर औषधविरहित चकत्यांसह ११.६ महिने होता. त्यांनी आकडे विचारले नव्हते, म्हणून मी ते सांगितले नाहीत; पण खोटा दिलासा देणेही मला मान्य नव्हते. "या उपचाराने वेळ वाढू शकतो, आजार मुळापासून जात नाही," एवढेच म्हणाले.

त्या बराच वेळ अहवालाची घडी पुन्हा पुन्हा नीट करत राहिल्या. मग म्हणाल्या, "दिवाळी झाल्यावर जायचं ठरलं होतं. आता आधीचंच तिकीट बघते."