घरच्या घरी पाळणाघर चालवते. जमाखर्च कसा ठेवावा आणि इन्कम टॅक्स भरावा लागतो का?

तुम्ही लिहिलंय की सहा मुलं येतात, फी जीपेवर मिस्टरांच्या खात्यात जमा होते, किराणा घरचा आणि मुलांचा एकत्रच भरता, आणि शेजारच्या काकू म्हणाल्या की आता नोटीस येणार. मी ठाण्यात बरीच वर्षं पाळणाघर चालवते, त्यामुळे हे सगळं ओळखीचं आहे. आधी नोटिशीचं बघू, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचाल.

काकूंनी बहुतेक बंगळुरूची बातमी ऐकली असेल. जुलै २०२५मध्ये तिथल्या छोट्या दुकानदारांना यूपीआयवर जमा झालेल्या रकमांवरून नोटिसा गेल्या होत्या. पण त्या जीएसटीच्या. सेवा देणाऱ्याला जीएसटीची नोंदणी लागते ती वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली तर. सहा मुलांच्या फीतून २० लाख व्हायला प्रत्येकाकडून महिन्याला जवळपास २८ हजार घ्यावे लागतील. असे पालक भेटले तर मलाही कळवा.

आता इन्कम टॅक्स. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. तुमचं उत्पन्न मिस्टरांच्या पगारात धरत नाहीत. कष्ट तुमचे, म्हणून उत्पन्न तुमचं, तुमच्या पॅनवर. शेअर किंवा म्युच्युअल फंड विकून नफा झाला असेल तर मात्र त्याला वेगळे दर लागतात आणि ही सूट तिथे चालत नाही. एफडीचं व्याज नेहमीच्या उत्पन्नात मिळवायचं.

कर शून्य म्हणजे रिटर्न भरायला नको, असं मात्र नाही. वर्षाचं उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की रिटर्न भरणं बंधनकारक आहे, कर एक रुपया निघाला नाही तरी. त्याच्या आत असाल तर सक्ती नाही, पण माझं मत विचाराल तर तरीही भरा. गृहकर्जात सहकर्जदार म्हणून नाव लावायचं असो, मुद्रा कर्ज घ्यायचं असो नाहीतर मुलीकडे परदेशी जायला व्हिसा काढायचा असो, तुम्ही कमावता हे दाखवायला तुमच्याकडे दुसरा कागद नाही. नोकरदार बाई सॅलरी स्लिप दाखवते, आपण काय दाखवणार?

रिटर्नचा फॉर्म आयटीआर-४, म्हणजे ‘सुगम’. छोट्या व्यवसायांना कलम ४४एडीखाली अंदाजे उत्पन्न दाखवण्याची सोय आहे. १ एप्रिल २०२६पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्यात ती कलम ५८मध्ये आहे. रोख आलेल्या फीच्या किमान ८ टक्के आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या फीच्या किमान ६ टक्के नफा दाखवला की सविस्तर हिशेबाच्या वह्या ठेवायची किंवा ऑडिट करून घ्यायची गरज नाही. डॉक्टर, वकिलांसाठी ५० टक्क्यांचा वेगळा नियम आहे, त्यात पाळणाघर येत नाही.

इथे बरेच जण ‘सहा टक्केच दाखवा’ असा सल्ला देतात. मला तो पटत नाही. समजा वर्षाला ३ लाख ६० हजार फी आली. सहा टक्क्यांनी नफा होतो २१,६०० रुपये. खरा नफा दीड लाख असेल तर दीड लाखच दाखवा. कायद्यात ‘किमान’ म्हटलंय, प्रत्यक्षात जास्त मिळालं असेल तर जास्तच दाखवायचं असतं. शिवाय कर दोन्हीकडे शून्य. मग लपवून मिळवलं काय? उलट वर्षाला २१ हजार कमावणाऱ्या बाईला बँक दारातही उभं करणार नाही.

तर सरकारसाठी एवढं पुरे. खरा हिशेब ठेवायचा तो स्वतःसाठी, कारण पाळणाघरात पैसे दिसतात खूप आणि उरतात कुठे ते कळत नाही. पहिलं काम, आपल्या एकटीच्या नावाचं वेगळं खातं आणि त्यालाच जोडलेला यूपीआय. मिस्टरांच्या खात्यात फी जाणं आजच बंद करा; उद्या कोणी विचारलं तर पगाराशिवाय आलेल्या या पैशांचा खुलासा त्यांना करावा लागेल. मुलांचं दूध, फळं, वाइप्स, फिनेल, खेळणी, मदतनीस मावशींचा पगार, सगळं याच खात्यातून द्यायचं. महिनाअखेरीला ठरावीक रक्कम घरखात्यात वळवायची. तो तुमचा पगार.

एकाच कुकरमध्ये घरचा आणि मुलांचा वरणभात लागतो, त्याचे वाटे पाडत बसू नका. गेल्या वर्षी याच महिन्यात, मुलं नसताना, किराणा, गॅस आणि विजेवर किती जात होतं ते पाहा. महागाईचं थोडं वजा करून उरेल तो फरक पाळणाघराचा. विजेचं बिल तर महावितरणच्या साइटवर मागच्या महिन्यांचंही सापडतं.

आता एक आकडेमोड करून बघा. सहा मुलं, प्रत्येकी ५ हजार, म्हणजे ३० हजार. मावशींना ९ हजार, खाणंपिणं ५ हजार, वीज, गॅस, साफसफाई, किरकोळ दीड हजार. उरले साडेचौदा हजार. सकाळी आठ ते संध्याकाळी सात, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे २८६ तास. तासाला जेमतेम ५१ रुपये. स्वतःचे आकडे घालून असंच करा, फी किती वाढवायची ते आपोआप कळेल. आणि ती वाढ जूनमध्ये सांगा, अधेमधे नाही. जूनमध्ये पालक शाळेच्या वाढलेल्या फीला सरावलेले असतात, आपलं त्यात खपून जातं.

मे महिना मात्र जड जातो. आजी-आजोबा येतात किंवा मुलं गावी जातात, आणि ‘आला नाही तर फी कसली’ सुरू होतं. मावशींचा पगार आणि घरभाडं मेमध्ये सुट्टीवर जात नाही. प्रवेश देतानाच एका कागदावर लिहून सही घ्या: पूर्ण महिना सुट्टी असेल तर जागा राखून ठेवायची निम्मी फी, आठवड्याभराच्या सुट्टीला वजावट नाही, सात वाजल्यानंतर प्रत्येक अर्ध्या तासाचे जादा पैसे. पावसात लोकल बंद पडली त्या दिवशी मी जादा घेत नाही. रोजच ‘मीटिंग लांबली’ असेल तर घेते. सुरुवातीला घेतलेली अनामत परत द्यायची आहे, ती उत्पन्नात धरू नका आणि खर्चूही नका.

सीए क्वचितच स्वतःहून सांगतात असा एक कर म्हणजे महाराष्ट्राचा व्यवसाय कर. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याने पीटीईसी, म्हणजे या कराची नोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये ३० जूनपर्यंत भरायचे असतात. पगारदार स्त्रियांना २५ हजारांपर्यंतच्या पगारावर माफी आहे, ती आपल्याला नाही. चीड येते, पण वर्षानुवर्षं थकवलं तर व्याज चढतं.

पावतीपुस्तक छापून घ्या, त्यावर तुमचं नाव, पत्ता आणि पॅन. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांनी पाळणाघराची सोय द्यावी, असं मातृत्व लाभ कायद्यात २०१७मध्ये आलं. त्यामुळे काही कंपन्या आपल्याकडे नोकरी करणाऱ्या आईला पाळणाघराची फी परत देतात आणि त्यासाठी पावती मागतात. पावती देणाऱ्या पाळणाघराला असे पालक धरून राहतात, आणि वाढलेल्या फीवर घासाघीसही कमी करतात.