साल्तिकोव्ह : एक आडनाव, अनेक शाखा आणि माणूस ओळखण्याची रीत

प्रश्न थोडक्यात असा होता : रशियाचा इतिहास वाचताना साल्तिकोव्ह हे आडनाव सारखं समोर येतं. प्रशियाच्या फ्रेडरिकला हरवणारा सेनापती, पुढे सम्राज्ञी झालेल्या कॅथरीनचा प्रियकर, भूदासांचे (जमिनीला बांधलेल्या, मालकाच्या ताब्यातल्या शेतकऱ्यांचे) जीव घेणारी जमीनदारीण, लेखक साल्तिकोव्ह-श्चेद्रिन आणि १८४१ मध्ये मुंबईत उतरलेला प्रिन्स सोल्टिकॉफ. ही सगळी एकमेकांच्या नात्यातली का? आणि जुन्या कागदात नुसतं 'साल्तिकोव्ह' दिसलं तर माणूस नेमका कोणता हे कसं ठरवायचं?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला की पहिला बराचसा आपोआप सुटतो. आडनाव पाहून काहीही ठरवू नका. चार गोष्टी एकत्र हव्यात : स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, त्या तारखेला असलेली उपाधी आणि तारीख कोणत्या पंचांगातली आहे ते. यातली एक जरी सुटली तरी हमखास दोन माणसांची गाठ मारली जाते.

आधी स्पेलिंग. साल्तिकोव्ह आणि सोल्तिकोव्ह ही एकाच आडनावाची दोन रूपं आहेत. रशियनमध्ये या आडनावाचा आघात शेवटच्या 'कोव्ह'वर पडतो आणि आघात नसलेला 'ओ' मॉस्कोकडच्या बोलीत 'आ'सारखा ऐकू येतो. त्यामुळे लिहिणाऱ्याने कधी 'आ' लिहिला, कधी 'ओ'. शेवटचा 'व्ह' बोलताना 'फ' होतो, म्हणून फ्रेंच आणि इंग्रजी कागदांत रोमन लिपीत शेवटी दोन एफ आले आणि नाव 'सोल्टिकॉफ' झालं. युरोपातल्या संग्रहालयांच्या नोंदी आणि लिलावांच्या याद्या बहुतेक या रूपाने असतात. फक्त आजच्या प्रमाण रूपाने शोध घेतलात तर ते सगळं साहित्य हातातून निसटतं. बायकांच्या नावाला शेवटी 'आ' लागतो, साल्तिकोवा. तेही वेगळं शोधावं लागतं.

इथे दोन नावांपासून सावध राहा. पोलंडचं सोल्टिक घराणं वेगळं. क्राकोवचे बिशप कायेतान सोल्टिक, ज्यांना १७६७ मध्ये रशियन राजदूताने पकडून काळुगाला धाडलं, ते त्या पोलिश घराण्यातले. दुसरं नाव इवान साल्तिक-त्राविन. १४८३ मध्ये उराल ओलांडून युग्रावर गेलेल्या मोहिमेच्या दोन सरदारांपैकी हा एक. 'साल्तिक' हे याचं टोपणनाव होतं, कूळ त्राविन. इंटरनेटवरच्या वंशावळींमध्ये त्याला सर्रास साल्तिकोव्हांचा पूर्वज करून टाकतात. ते चूक आहे.

साल्तिकोव्हांचं कूळ मोरोझोव्ह या बोयार, म्हणजे वरच्या दर्जाच्या सरदार घराण्यातून फुटलं. पंधराव्या शतकात मिखाईल इग्नात्येविच मोरोझोव्ह याला 'साल्तिक' म्हणत आणि त्याच्या मुलाबाळांना ते आडनाव चिकटलं. त्याच्याही मागे तेराव्या शतकात प्रशियाहून आलेल्या मिखाईल प्रुशानिन नावाच्या मूळपुरुषाची कथा सांगतात. परदेशातून आलेला पूर्वज दाखवणं ही रशियन सरदार घराण्यांची जुनी रीत, तेव्हा ती कथा कुळाची आठवण म्हणून वाचावी, पुरावा म्हणून नाही.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या अंदाधुंदीत मिखाईल ग्लेबोविच साल्तिकोव्ह पोलंडच्या बाजूला गेला. फेब्रुवारी १६१० मध्ये स्मोलेन्स्कसमोर राजा सिगिसमुंदशी झालेल्या करारात, म्हणजे पोलिश राजपुत्राला मॉस्कोचं सिंहासन देण्याच्या वाटाघाटीत, हा पुढे होता. नंतर तो पोलंडमध्येच राहिला. १६५४ मध्ये स्मोलेन्स्क रशियाने जिंकल्यावर त्याचे वंशज परत झारच्या चाकरीत आले. घराण्याचं नशीब पालटलं ते या परतलेल्या शाखेमुळे. जिच्यावर राजद्रोहाचा डाग, त्याच शाखेतली मुलगी तीस वर्षांत राजवाड्यात सून म्हणून गेली.

ती प्रास्कोव्या फ्योदोरोव्ना. १६८४ मध्ये तिचं लग्न झार पाचव्या इवानशी, म्हणजे पीटर द ग्रेटच्या सावत्र भावाशी झालं. तिच्या वडिलांचं नाव अलेक्सांद्र होतं. मुलीच्या लग्नाच्या वेळी त्यांचं नाव बदलून फ्योदोर केलं गेलं आणि मुलगी 'फ्योदोरोव्ना' झाली. एकाच माणसाच्या नोंदी दोन नावांनी सापडतात त्या यामुळे. त्यांना दोन भाऊ समजू नका. प्रास्कोव्याची मुलगी आन्ना १७३० मध्ये सम्राज्ञी झाली, आणि दरबारात साल्तिकोव्हांना मोकळं रान मिळालं.

वडिलांच्या नावाबद्दल मराठी वाचकाला एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण आपला गोंधळ नेमका तिथेच होतो. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, आणि लग्न झालं की बाईच्या नावात बहुधा नवऱ्याचं नाव येतं. रशियात लग्नानंतर आडनाव बदलतं, पण मधलं नाव मरेपर्यंत वडिलांचंच राहतं. 'दार्या निकोलायेव्ना साल्तिकोवा' वाचून तिच्या नवऱ्याचं नाव निकोलाय असं धराल तर तपास पहिल्याच पावलाला चुकला. निकोलाय हे तिचे वडील, माहेरचं आडनाव इवानोव्ह. नवरा ग्लेब अलेक्सेयेविच साल्तिकोव्ह, घोडदळाच्या गार्ड रेजिमेंटमधला अधिकारी.

हीच ती साल्तिचिखा (१७३०-१८०१). म्हणजे रक्ताने ती साल्तिकोव्ह नव्हतीच. तरुणपणी विधवा झाल्यावर शेकडो भूदासांची मालकी तिच्याकडे आली. त्यांच्या तक्रारी वर्षानुवर्षं दाबल्या गेल्या. अखेर १७६२ मध्ये साव्हेली मार्तिनोव्ह आणि येर्मोलाय इल्यीन या तिच्याच दोन भूदासांनी थेट कॅथरीनपर्यंत अर्ज पोचवला. इल्यीनच्या तीन बायका एकामागून एक तिच्या मारहाणीत मेल्या होत्या. ही दोन नावं लोकांनी लक्षात ठेवावीत असं मला मनापासून वाटतं. तिचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, त्यांचं कुणालाच नसतं. चौकशी सहा वर्षं चालली आणि ३८ मृत्यूंबद्दल ती दोषी ठरली. १७६८ मध्ये तिला मॉस्कोच्या लाल चौकात, गळ्यात 'छळ करणारी आणि खुनी' अशी पाटी अडकवून, तासभर खांबाला बांधून उभं केलं आणि मग इवानोव्स्की मठात जमिनीखालच्या अंधाऱ्या कोठडीत टाकलं. ११ वर्षांनी तिला मठातच दगडी खोलीत हलवलं. तिथेच ती मेली.

शिक्षेचा एक भाग थेट आपल्या विषयातला आहे. कॅथरीनच्या हुकमाने तिची सरदारकी तर गेलीच, शिवाय साम्राज्यात तिला वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या आडनावाने कुणीही संबोधू नये असं ठरलं. म्हणून १७६८ नंतरच्या सरकारी कागदांत ती साल्तिकोवा म्हणून शोधू नका. वडिलांचं नाव लावून 'दार्या, निकोलायची मुलगी' असं पाहावं लागतं.

आता तिच्या नावाने फिरणारं चित्र. निळसर गुलाबी कपड्यातली किंवा पावडर लावलेल्या केसांची जी सुंदर बाई 'साल्तिचिखा' म्हणून दाखवतात, ती बहुतेक वेळा दार्या पेत्रोव्ना साल्तिकोवा असते. माहेरची चेर्निशोव्ह, फील्डमार्शल इवान पेत्रोविच साल्तिकोव्हची बायको. फ्रेंच चित्रकार द्रुए याने तिचं चित्र काढलं होतं. नाव तेच, आडनाव तेच, काळही जवळपास तोच. फरक फक्त मधल्या नावाचा. एका निरपराध बाईच्या चेहऱ्याखाली खुनांची यादी छापली जाते, हे मला अतिशय खटकतं. चित्र वापरण्याआधी 'पेत्रोव्ना' की 'निकोलायेव्ना' एवढं पाहायला मिनिटही लागत नाही.

सेनापतींची ओळ तुलनेने सोपी. आन्नाला १७३० मध्ये निरंकुश सत्ता परत मिळवून देण्यात सेम्योन अंद्रेयेविच साल्तिकोव्ह या नातलगाचा हात होता. तो पुढे काउंट झाला. त्याचा मुलगा प्योत्र सेम्योनोविच हाच फ्रेडरिकला हरवणारा. २३ जुलै १७५९ रोजी पाल्त्सिगला आणि १२ ऑगस्टला ऑस्ट्रियाचा सेनापती लाउदोन याच्या साथीने कुनर्सडॉर्फला त्याने प्रशियन सैन्य मोडलं. लढाईनंतर फ्रेडरिकचा सर्वनाश झाला असं स्वतः फ्रेडरिकलाच वाटत होतं. पण दोस्त सेना बर्लिनवर चालून गेल्या नाहीत आणि तो वाचला. प्योत्रची अखेर वाईट झाली. मॉस्कोचा मुख्य गव्हर्नर असताना १७७१ च्या प्लेगमध्ये तो शहर सोडून आपल्या मार्फिनोच्या जहागिरीत गेला. मागे दंगल उसळली, आर्चबिशप अम्ब्रोसी मारले गेले, आणि प्योत्रला पद सोडावं लागलं. त्याचा मुलगा इवान पेत्रोविचही फील्डमार्शल आणि तोही १७९७ ते १८०४ मॉस्कोचा गव्हर्नर. बाप आणि मुलगा, दोघेही काउंट, दोघेही फील्डमार्शल, दोघेही मॉस्कोचे गव्हर्नर. वर्ष पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कॅथरीनचा प्रियकर तो सेर्गेय वासिल्येविच. त्याची एवढी चर्चा होते ती तिचा मुलगा पॉल याच्यामुळे. राजपुत्र पॉलचा जन्म २० सप्टेंबर १७५४ चा, आणि ती बातमी घेऊन स्वीडनला सेर्गेयलाच पाठवलं गेलं. नंतर त्याला परदेशातल्या वकिलातींतच फिरवत ठेवलं. पितृत्वाचा वाद कॅथरीनच्या आठवणींमुळे उभा राहिला आणि तो कागदावर सुटणारा नाही.

ही २० सप्टेंबर जुन्या पंचांगातली. आपल्या पंचांगात १ ऑक्टोबर. कुनर्सडॉर्फही रशियन कागदांत १ ऑगस्टला दिसतं. अठराव्या शतकातल्या तारखेत ११ दिवस मिळवायचे, एकोणिसाव्या शतकात १२, आणि विसाव्या शतकात फेब्रुवारी १९१८ पर्यंत १३. रशियन पुस्तकातली तारीख जुनी आणि जर्मन पुस्तकातली नवी धरून एकाच लढाईच्या दोन लढाया केलेल्याही मी पाहिल्या आहेत.

उपाधीची कसोटी मला सगळ्यात उपयोगी वाटते. साल्तिकोव्ह मुळात बिनउपाधीचे बोयार. निकोलाय इवानोविच (१७३६-१८१६) हा कॅथरीनच्या नातवंडांचा, अलेक्सांद्र आणि कॉन्स्तान्तिन यांचा मुख्य शिक्षक-पालक. त्याला १७९० मध्ये काउंट केलं आणि १८१४ मध्ये प्रिन्स, म्हणजे रशियन 'क्न्याझ'. साल्तिकोव्हांमधली प्रिन्सची शाखा त्याच्यापासून सुरू होते. तेव्हा कुठेही 'प्रिन्स साल्तिकोव्ह' दिसला की तो निकोलाय किंवा त्याचा वंशज, आणि काळ १८१४ नंतरचा. अठराव्या शतकातल्या प्रसंगात 'प्रिन्स साल्तिकोव्ह' लिहिलं असेल तर लेखकाने काहीतरी घोटाळा केला आहे हे नक्की समजा. आणखी एक : इंग्लंडमध्ये उपाधी थोरल्या मुलाकडे जाते, रशियात सगळ्या मुलांकडे. त्यामुळे एका वेळी चार-पाच प्रिन्स साल्तिकोव्ह असणं अगदी शक्य आहे.

मुंबईला आलेला प्रिन्स अलेक्सेय द्मित्रियेविच (१८०६-१८५९) हा या निकोलायचा नातू. राजनैतिक सेवेत तेहरानपर्यंत नोकरी केली, १८४० मध्ये राजीनामा दिला आणि १८४१ ते १८४३ व १८४४ ते १८४६ असे दोन दीर्घ प्रवास हिंदुस्थानात केले. पहिल्या प्रवासात मुंबईहून निघून तो मद्रास, कलकत्ता, दिल्ली करत लाहोरला शेरसिंगाच्या दरबारापर्यंत गेला, आणि जाईल तिथे चित्रं काढली. हत्ती, मिरवणुका, शिकारी, लोकांचे पोशाख. त्याची पत्रं फ्रेंचमध्ये होती. ती १८४८ मध्ये पॅरिसला छापली गेली, रशियन रूप १८५१ मध्ये मॉस्कोला आलं. रशियात त्याला 'इंडियन' म्हणूनच ओळखत. त्याचा भाऊ प्योत्र द्मित्रियेविच मध्ययुगीन कलावस्तूंचा संग्राहक. त्याचा संग्रह १८६१ मध्ये पॅरिसला लिलावात गेला आणि ग्लॉस्टरचं प्रसिद्ध मेणबत्तीदान तिथूनच लंडनच्या आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आलं. नोंदींमध्ये दोघांनाही नुसतं 'प्रिन्स सोल्टिकॉफ' म्हटलेलं असतं. हिंदुस्थानची चित्रं अलेक्सेयची, मध्ययुगीन धातुकाम प्योत्रचं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

लेखक मिखाईल येव्ग्राफोविच (१८२६-१८८९) यातल्या कुठल्याही काउंट किंवा प्रिन्स शाखेचा नाही. त्वेर प्रांतातल्या स्पास-उगोलच्या बिनउपाधीच्या जमीनदाराचा मुलगा, आई व्यापारी घरातली. 'श्चेद्रिन' हे टोपणनाव, जोडआडनाव नव्हे. व्यात्काची हद्दपारी असो की र्‍याझान आणि त्वेरच्या उपगव्हर्नरपदाचे कागद असोत, सगळीकडे तो साल्तिकोव्हच. सरकारी कागदांत श्चेद्रिन शोधलात तर हाती काही लागणार नाही. ग्रंथसूचीत मात्र उलट.

आता पूर्वज किंवा एखादी व्यक्ती प्रत्यक्ष शोधायची असेल तर. १६८७ च्या सुमाराच्या 'मखमली पुस्तकात' जुन्या घराण्यांची वंशावळ आहे, साल्तिकोव्हही तिच्यात आहेत. १७८५ नंतर प्रत्येक प्रांतात सरदारांची वंशावळीची वही सहा भागांत ठेवली जाई. उपाधीवाले पाचव्या भागात, प्राचीन कुळं सहाव्या. साल्तिकोव्ह असूनही एखादं घर दुसऱ्या किंवा तिसऱ्या भागात दिसलं, तर त्या घराने सरदारकी सैन्यातल्या किंवा मुलकी नोकरीच्या पदावरून मिळवली आहे. नुसत्या आडनावावरून त्याला जुन्या कुळाला जोडू नका. सरदारकी सिद्ध करण्याच्या फायली सेंट पीटर्सबर्गच्या रशियन राज्य ऐतिहासिक अभिलेखागारात फोंद (कागदांचा संग्रह) क्रमांक १३४३ मध्ये आहेत. त्याआधीचे कागद मॉस्कोत, प्राचीन दस्तऐवजांच्या अभिलेखागारात.

शिवाय भूदासांना कित्येकदा मालकाचं आडनाव लागायचं. आज हे आडनाव लावणाऱ्या कुणाचे पणजोबा १८६१ मध्ये भूदासप्रथा संपण्याआधी साल्तिकोव्हांच्या शेतावर राबत असतील, कुणाचे त्या वाड्यात राहत असतील. हे ठरवायला गावाच्या चर्चची जन्म-मृत्यूची नोंदवही पाहायची आणि 'वर्ग' या रकान्यापासून वाचायला सुरुवात करायची. तिथे 'शेतकरी' लिहिलं असेल तर पुढचा शोध सरदारांच्या वह्यांत नाही, त्या जहागिरीच्या भूदासांच्या मोजणीच्या याद्यांत घ्यायचा.